काहिलीतलं अंतराळ

आमच्या पेठेतल्या मंडळाचा अध्यक्ष एका सकाळी किटली न घेता माझ्या दारात उभा राहिला. हा माणूस एरवी दूध घातल्याशिवाय कुणाच्या दारात उभा राहत नसे. पेठेच्या मागच्या अंगाला त्याचा म्हशींचा गोठा होता. तरुणपणी त्यानं कुस्त्या मारल्या होत्या, आणि चाळिशीत त्या सगळ्या कुस्त्यांचं मांस मानेभोवती येऊन बसलं होतं. मान वळवायची तर त्याला अख्खं अंग वळवावं लागायचं.

"मॅडम, औंदा गणपतीत आपल्याला अंतराळ करायचंय," तो म्हणाला.

"करा की."

"तसं न्हाय. तुमी करायचंय."

मी तेव्हा गावातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. तिशी जवळ आलेली, नवरा बँकेत, आणि 'मॅडम' या शब्दाला सगळी पेठ उगाचच दबून असायची. गॅस संपला, मीटर जळाला, मुलाचे दात पुढे आले, काहीही झालं की लोक मला विचारत. सायन्स म्हणजे सगळंच, अशी समजूत. त्या वर्षी आपल्या देशाचा माणूस रशियाच्या यानातून वर जाऊन आला होता आणि कोल्हापूर येडं झालं होतं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं पाटीवर रॉकेट काढून घेतलं होतं. त्यात बसून जाणाऱ्या माणसाचा भांग मात्र व्यवस्थित पाडलेला.

अध्यक्षाची अडचण वेगळीच होती. समोरच्या गल्लीतल्या मंडळाचा देखावा त्यानं हेर लावून शोधून काढला होता. थर्माकोलचं रॉकेट, खाली धूर, वरून दोरीनं ओढायचं. आपलं त्याहून भारी पाहिजे.

"आपल्यात लोकांनी नुसतं बघायचं न्हाय. लोकांनी यान सोत्ता चालवायचं," तो म्हणाला.

ही कल्पना त्याच्या डोक्यात मुंबईत शिरली होती. म्हशीच्या पेंडीच्या कुठल्याशा कामाला तो गेला होता, आणि तिथं एका हॉटेलात पडद्यावर यान उतरवायचा खेळ होता. नाणं टाकायचं, दांडा हलवायचा, यान चंद्रावर अलगद टेकवायचं.

"मग? टेकवलंत?"

"सगळी यानं फोडून आलो," तो अभिमानानं म्हणाला. "पर मॅडम, पोरगं कसं शिकतंय बघा. पयल्यांदा आदळलं, दुसऱ्यांदा आदळलं, तिसऱ्यांदा हाताला कळाय लागलं. पुस्तक न्हाय, काय न्हाय."

हे वाक्य मला लागलं. मी सहा-सात वर्षं ग्रहांच्या गतीचे नियम फळ्यावर लिहीत होते, मुलं ते उतरवून घेत होती आणि परीक्षेत परत माझ्या अंगावर फेकत होती. हाताला कळणं हा प्रकार त्यात कुठंच नव्हता. अंतराळवीर उड्डाणाआधी कॉम्प्युटरवर खोटं यान चालवून शिकतात, एवढं मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या परदेशी मासिकात वाचलं होतं. पण आमच्याकडे जवळचा कॉम्प्युटर थंड खोलीत ठेवलेला होता, त्याचं दर्शन चपला काढून घ्यावं लागायचं, आणि तो बारा महिने निकाल लावण्यात गुंतलेला असायचा. पेठेच्या गणपतीसाठी तो कुणी दिला नसता.

मी म्हटलं, बघू.

पुस्तकात एक चित्र होतं. रबराचा ताणलेला पडदा, मध्ये वजन ठेवून खोलगट केलेला, आणि त्याच्या उतारावर फिरणारी गोळी. मधलं वजन म्हणजे पृथ्वी, गोळी म्हणजे यान. मी ते अध्यक्षाला दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रकच्या टायरच्या ट्यूब कापून, चिकटवून एक पडदा आणला. त्यावर गोळी टाकली की ती जागच्या जागी रुतून बसायची. चिखलात बसलेल्या म्हशीसारखी. अंतराळात एवढा आळस चालत नाही.

मग काहील आली. त्याच्या कुणा पाहुण्याच्या गुऱ्हाळात गूळ शिजवायची एक जुनी काहील तळाला भोक पडून बाद झाली होती. आठ फूट रुंद, लोखंडी पत्र्याची. भोक मध्येच पडलेलं, म्हणजे आम्हाला पाहिजे तिथंच. पण काहील तळाला सपाट असते, आम्हाला पाहिजे होता नरसाळ्यासारखा उतार. कडेला सौम्य, आत जाऊ तसा जास्त जास्त खडा. मी पुठ्ठ्यावर तो वक्र नेमका काढला, कापला, आणि उद्यमनगरातल्या पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना दिला.

मिस्त्रींनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला. "मॅडम, ही गोलाई कुठल्या भांड्याची?"

"पृथ्वीची."

"पाणी तापवायला का?"

मी सगळं समजावलं. त्यांनी मान डोलवली आणि पहिल्यांदा चुकीचंच केलं, कडेला खडा आणि आत सौम्य. मीही पुठ्ठा त्यांच्या हातात उलटा दिला होता, त्यामुळे दोघांनी एकमेकांकडे बघून विषय सोडला. दुसऱ्यांदा त्यांनी काहिलीचे फाळके कापून, ठोकून नीट आकार दिला. पण आता ते जोडायचे कुठं? बाहेर श्रावणाचा पाऊस, मांडव अजून घालायचा होता. अध्यक्ष म्हणाला, पेठेच्या तालमीत जोडू. आत पुढच्या खोलीत जागा आहे, वीज आहे, पाऊस नाही. फाळके आत गेले, लाकडी सांगाडा आत ठोकला, वेल्डिंग आत झालं, ग्राइंडर मारून पत्रा आत गुळगुळीत झाला. कॉम्प्रेसर आला, त्याची हवेची नळी आली, आणि लेथवर फिरवून घेतलेले लाकडी गोळे आले, एक तांबडा आणि बाकी निळे.

सगळं तयार झाल्यावर मी बघायला गेले आणि उंबऱ्यावर अडले.

तालमीत बाईमाणूस जात नाही. हे मला माहीत होतं, जसं शेजाऱ्याच्या घरात देव्हारा कुठं आहे हे माहीत असतं, म्हणजे त्याचा आपल्याशी काही संबंध येईल असं वाटत नाही. आत मारुती, आत लाल मातीचा आखाडा, आणि आत वस्ताद. वस्ताद म्हणजे तिथले कुस्ती शिकवणारे म्हातारे. सत्तरीचे होते, कुस्तीत कान मोडलेले, आवाज मात्र एकदम मऊ. ते दारात आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, राग मानू नका. देवाचं हाय."

"देवाला विचारलंत का?"

"मी सोत्ताच कवा काय विचारलं न्हाय त्याला. आता या वयात कुठं सुरवात करू?"

अध्यक्ष मध्ये उभा, मान वळत नसल्यामुळे एकदा माझ्याकडे आणि एकदा वस्तादांकडे अख्खाच्या अख्खा फिरत होता. शेवटी त्यानं तोडगा काढला. रस्त्याच्या बाजूला तालमीला गजांची एक उंच खिडकी होती. पानपट्टीवरचं स्टूल आणलं, खिडकीखाली ठेवलं, आणि मला वर चढायला सांगितलं.

मी चढले. साडीचा घोळ एका हातात, खिडकीचा गज दुसऱ्या हातात, डोक्यावर पानपट्टीवाल्यानं धरलेली छत्री. तिथून मला काहिलीचा अर्धा भाग दिसत होता. उरलेला अर्धा भिंतीआड. अशा रीतीनं माझं अंतराळ संशोधन सुरू झालं.

"सोडा!" मी ओरडले.

अध्यक्षानं पन्हळीतून पहिला गोळा सोडला, थेट मधल्या भोकाच्या रोखानं, आणि चांगला जोर लावून. गोळा खाली गेला, भोकावरून उडी मारून समोरच्या कडेवरून बाहेर पडला आणि कुठंतरी आपटल्याचा आवाज आला.

"कुठं गेला?"

"मारुतीच्या फुड्यात!" आतून उत्तर आलं. "परसाद म्हणून ठिवू का?"

मग मी सांगितलं की मध्ये मारायचं नाही, कडेला समांतर सोडायचा, आडवा. त्याला ते पटेना. पृथ्वीभोवती फिरायचं तर पृथ्वीकडे जायला नको? नको, मी म्हटलं. यान सारखं पृथ्वीकडे पडतच असतं, फक्त आडवा वेग एवढा असतो की दर वेळी पडायचं चुकतं. असं पडत पडत, चुकत चुकत प्रदक्षिणा होते.

"म्हंजे पडायचं, पर नीट पडायचं न्हाय."

"बरोबर."

हे वस्तादांना आवडलं. ते आतून म्हणाले, "चांगला पैलवान असाच पडतोय. पाठ टेकू देत न्हाय."

आडवा सोडलेला गोळा फिरू लागला. खरोखर फिरू लागला. लांबट फेरी घ्यायचा, कडेकडे आला की रेंगाळायचा, मधल्या भोकाजवळून जाताना सुसाट सुटायचा. हा नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला होता, त्याचं गणित डोळे मिटून करत होते, आणि तो घडताना मी पहिल्यांदाच बघत होते, तेही अर्धाच. गोळा माझ्या बाजूला आला की मी "आला!" ओरडायची, पलीकडे गेला की आतली पोरं "गेला!" ओरडायची. रस्त्यावरची माणसं थांबून खिडकीवर लटकलेल्या मॅडमकडे बघत होती. माझी एक विद्यार्थिनी आईबरोबर तिथून गेली. आईनं तिला पलीकडच्या बाजूला घेतलं.

खरा खेळ पुढं होता. तांबडा गोळा म्हणजे अंतराळ स्थानक. तो आधी फिरत ठेवायचा. मग निळा गोळा त्याच्या मागं, त्याच कक्षेत सोडायचा, आणि हवेच्या नळीनं फुंकर मारून मारून त्याला तांबड्यापर्यंत नेऊन टेकवायचं. टक् असा आवाज आला की जोडणी झाली. अशी ही यानाची परीक्षा. मी ही रचना अध्यक्षाला खिडकीतून नीट समजावली आणि म्हटलं, "तांबडा पुढं आहे ना? मग निळ्याला मागून हवा मारा. वेग वाढेल, गाठेल."

मी एम.एस्सी. होते. फर्स्ट क्लास. आणि हे मी बोलले.

अध्यक्षानं मागून हवा मारली. निळा गोळा पुढं सुटला, पण त्याचबरोबर कडेकडे चढला, मोठी फेरी घेऊ लागला, आणि बघता बघता तांबड्याच्या आणखी मागं पडला.

"आणि मारा!"

त्यानं आणि मारली. गोळा आणखी वर चढला, आणखी मागं पडला. अध्यक्ष चिडला. तो चिडला की फिजिक्स, देव, बायको कुणाचंच ऐकत नसे. त्यानं नळी पूर्ण सोडली. निळा गोळा काहील सोडून निघाला आणि वस्तादांच्या कपाळावर लागला.

मी स्टुलावर, गज धरून. मग वस्तादांचा मऊ आवाज आला, "बाई, लागला."

"फार लागलं का हो?"

"लागलं म्हंजे, गोळा लागला. मला काय हुतंय?"

त्या दिवशी घरी गेले आणि भाकरी थापता थापता मला हसू फुटलं. वरची कक्षा मोठी आणि वेग कमी, खालची लहान आणि वेग जास्त. हे तर मी दर वर्षी पहिल्या सत्रात शिकवत होते! मागून ढकललं की यान वरच्या कक्षेत चढणार, आणि वर गेलं की रेंगाळणार. पुढच्याला गाठायचं तर उलट समोरून ढकलायचं, मागं ओढायचं. यान खाली येतं, आतल्या अंगानं झपाट्यानं फिरतं आणि पुढं निघतं. सूत्रात हे सगळं लिहिलेलं होतं, मी फक्त त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "एकटीच काय हसतेस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या बँकेत प्रमोशन असंच होतं," आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून सांगितलं, "समोरून फुंका."

अध्यक्षानं काहिलीभोवती अख्खी फेरी मारून खिडकीपाशी येऊन माझ्याकडे बघितलं. "मॅडम, काल मागनं म्हणालता."

"काल चुकलं."

"म्हंजे फुडं जायाचं तर मागं वडायचं?"

"हो."

"म्हशीला असं सांगितलं तर लाथ घालंल."

पण त्यानं केलं. निळ्या गोळ्याला समोरून हलकीच फुंकर मारली. गोळा दचकल्यासारखा झाला, आत उतरला, आणि सुटला. माझ्या बाजूनं गेला तेव्हा तांबड्याच्या मागं होता. पुन्हा दिसला तेव्हा त्याच्या आतून, जवळ जवळ बरोबरीनं येत होता. आतल्या पोरांनी जो कालवा केला तो मी कुस्तीच्या मैदानाबाहेर कधी ऐकला नव्हता. "गाठलं! गाठलं! ए, फुडं गेलं की!" पुढं गेलं, म्हणजे पार पुढं गेलं, कारण थांबवायचं कसं हे अजून कुणाला माहीत नव्हतं. मग आठवडाभर आम्ही तेच शिकलो. समोरून एक फुंकर मारून खाली उतरायचं, आतल्या अंगानं गाठत आणायचं, आणि तांबडा थोडासा पुढं आणि वर असतानाच मागून एक फुंकर मारून परत त्याच्या उंचीवर चढायचं. फुंकर जरा जास्त झाली की गोळा भोकात. वेळ जरा चुकली की तांबडा निसटला. त्यात घर्षणामुळं दोन्ही गोळे हळूहळू आपले आपण आत उतरत, आणि उतरता उतरता आणखी वेगानं पळत. पत्र्यानं अडवलं म्हणून वेग वाढला, हे तर मी पोरांना समजावून सांगेपर्यंत गोळा भोकात गेलेला असायचा.

पहिली टक् वस्तादांनी मिळवली. सकाळची मेहनत संपल्यावर ते एकटेच नळी घेऊन बसत, हे मला पानपट्टीवाल्यानं सांगितलं. ते जोर लावत नसत. गोळा येईपर्यंत डोळे बारीक करून वाट बघत, मग एवढीशी फुंकर. मी खिडकीत होते तेव्हा तो आवाज आला, आणि त्यांनी वर बघून मला विचारलं, "बाई, दिसलं का?"

नेमकं ते भिंतीआड झालं होतं. मी म्हटलं, "दिसलं."

गणपतीला आठवडा राहिला. रस्त्यात मांडव उभा राहिला. काहील बाहेर न्यायची म्हणून पोरांनी सांगाड्यासकट उचलली, दाराशी नेली, आणि ती तिथंच अडली. काहील आठ फूट, दार साडेतीन. आत जोडलेली वस्तू बाहेर कशी काढायची हे एवढ्या दिवसांत कुणीही, अगदी माझ्यासकट, विचारलेलंच नव्हतं. आडवी करून बघितली. उभी करून बघितली. मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, कापून परत बाहेर जोडतो, पण सांध्यांना उंचवटे येतील, आता पावसात घासायला वेळ नाही, गोळा दर सांध्याला उड्या मारेल.

मी रस्त्यावरून म्हटलं, "मग देखावा तालमीतच करा. लोकांना आत सोडा."

"बायका?" अध्यक्ष म्हणाला.

"बायकासुद्धा. मीसुद्धा."

सगळे वस्तादांकडे बघू लागले. ते उठले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः चौकटीशेजारच्या भिंतीवर घातला.

तालमीची ती भिंत चांगली दगडी होती. सकाळपासून दुपारपर्यंत पोरं ती फोडत होती. चौकट निघाली, दगड निघाले, चुना निघाला. मी कॉलेजला जायचं सोडून पलीकडच्या ओट्यावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते आणि आधी पोट धरून हसले. मग हसू थांबलं. मला आत घेण्यापेक्षा ह्यांना भिंत पाडणं सोपं वाटत होतं. वस्ताद जवळ येऊन म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा, धूळ उडतीया," आणि ते इतक्या मायेनं म्हणाले की मला आणखीच राग आला.

अध्यक्ष घाम पुसत आला तेव्हा मी त्याला ते बोलून दाखवलं.

तो म्हणाला, "मॅडम, भिंत परत बांधता येती."

"आणि नियम?"

"त्यो कुणी बांधलाय हेच ठावं न्हाय. एकदा पाडला तर परत बांधायचा कुणी?"

मी त्याच्याशी सहमत नव्हते आणि आजही नाही. पण हे वाक्य त्यानं थट्टेत म्हटलं नव्हतं, तो खरोखर घाबरलेला होता. मी पर्स उघडली, रुमाल काढला आणि त्याला दिला. चुन्यानं त्याचे डोळे लाल झाले होते.

काहील बाहेर आली. मांडवात मधोमध बसली, तिच्या मागं लहानशी मूर्ती. उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांनी हार घालून घेतले, भाषण केलं, नळी हातात घेतली आणि मागून पूर्ण हवा मारली. गोळा मांडवाबाहेर, भज्यांच्या गाड्यावर, कढईत. तेल उडालं पण कुणाला लागलं नाही. भजीवाल्यानं गोळा झाऱ्यानं बाहेर काढला आणि विचारलं, "ह्यो कुणाचा?"

त्यानंतर जे झालं ते मी आजपर्यंत कुठल्या वर्गात बघितलेलं नाही. रांग पानपट्टीच्या पलीकडे गेली. प्रत्येक माणूस पहिल्यांदा मागूनच हवा मारायचा. मी मारायला सांगितलेली, अध्यक्षानं मारलेली, पुढाऱ्यानं मारलेली, त्यामुळं कुणाला हसायचा अधिकार नव्हता, पण सगळे हसायचे. रांगेतले लोक ओरडायचे, "मागनं नको रं, समोरनं दाब!" "आता उचल, आता उचल!" पेठेनं स्वतःचे शब्द काढले. खाली उतरणं म्हणजे 'दाबून घेणं', वर चढणं म्हणजे 'उचलणं'. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशीनं सलग दोन टक् मिळवल्या आणि तिसऱ्यांदा नळी सोडेचना. "जरा थांब की बाबा, हातात आलंय," ती मागच्याला म्हणाली. माझ्या सासूबाईंना मी ओढून आणलं. त्यांनी निळा गोळा सोडला, हवा मारलीच नाही, तो फिरत फिरत भोकात गेला, आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं, घरी गेला."

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले ते वेगळ्याच घाईत. तिघंजण, वह्या काढून. त्यांनी मूर्ती बघितली, काहील बघितली, वर बघितलं. "देखावा कुठं आहे?"

"ह्योच," अध्यक्ष म्हणाला.

"हलतं काय यात?"

"तुमी हलवायचं."

त्यांना ते पटलं नाही. त्यांच्यातल्या एकानं मागून हवा मारली, गोळा त्याच्याच बुटावर पडला, आणि ते निघून गेले. बक्षीस समोरच्या गल्लीतल्या रॉकेटला मिळालं.

निकाल कळला त्या संध्याकाळी आमचा अध्यक्ष समोरच्या मांडवापुढं जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता डोकी फुटणार. दोन्हीकडची पोरं गोळा झाली. रॉकेट धूर सोडत दोरीवरून सरळ वर गेलं, छताला टेकलं, परत खाली आलं. अध्यक्ष छाती फुगवून ओरडला:

"आडवा वेग कुठाय तुमचा? सांगा की! नुसतं सरळ वर जातंय! त्ये परत टाळक्यावरच पडणार!"

समोरच्या मंडळाचा अध्यक्ष गोंधळला. शिवी असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. "कसला वेग?"

"आडवा! वर गेल्यानं कक्षा मिळत न्हाय, पावणं! पडायचं चुकवाय लागतंय!"

"तुमची काहील तर गुळाची हाय!"

"गुळाची असंना, गणित पृथ्वीचं हाय! मॅडमला इचारा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या अध्यक्ष बरोबर आहेत. समोरच्यांनी तिथल्या तिथं आपल्यातला एक डिप्लोमावाला पुढं केला. त्याच्याशी रस्त्यात वाद झाला, वाद मिटेना म्हणून सगळे आमच्या मांडवात आले, आणि त्यानं नळी हातात घेऊन मागून हवा मारली. पुढचं सांगायला नको. आरतीला उशीर झाला.

विसर्जनानंतर तालमीची भिंत परत बांधली, दगडाला दगड लावून, होती तेवढ्याच दाराची. काहील मी कॉलेजला मागितली. प्राचार्य म्हणाले, प्रयोगशाळा आहे, गुऱ्हाळ नाही. मग ती अध्यक्षाच्या गोठ्यात एका शेडखाली ठेवली, आणि पुढं दर वर्षी मी कॉलेजच्या मुलांना तिथं घेऊन जाऊ लागले. ग्रहगतीचं प्रात्यक्षिक म्हशींच्या शेजारी. अध्यक्ष शिकवायला स्वतः उभा राहायचा आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडायचा. मुलांच्या बुटांना शेण लागायचं, घरून तक्रारी यायच्या, पण मागून हवा मारणारा प्रत्येक मुलगा दुसऱ्या फेरीला थांबून विचार करायचा, आणि फळ्यापुढं हे मला कधी जमलं नव्हतं.

एका वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. सफारी घातलेले, कडक. त्यांनी एका मुलीला विचारलं, "एकाच कक्षेत पुढं असलेल्या उपग्रहाला मागचा उपग्रह कसा गाठेल?"

"मागं दाबून घ्यायचं सर, मग उचलायचं."

"काय?"

"समोरून फुंकायचं."

त्यांनी तिला शून्य दिलं. मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, सर, तिचं बरोबर आहे, फक्त भाषा पेठेची आहे. ते म्हणाले, वेग कमी करून कुणी कुणाला गाठत नसतं, मॅडम. मी सूत्र लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि चहा मागवला. परीक्षा संपल्यावर मी त्यांना रिक्षात घातलं आणि गोठ्यात नेलं.

अध्यक्षानं त्यांच्या हातात नळी दिली. त्यांनी सफारीच्या बाह्या मागं सारल्या आणि पूर्ण आत्मविश्वासानं मागून हवा मारली. गोळा मागच्या म्हशीच्या पाठीवर बसला. ती शेपूट हलवून बाजूला झाली. मग परीक्षकांनी दुसरा गोळा घेतला. मग तिसरा. अंधार पडायला लागला तरी ते काहिलीभोवती फिरत होते, ओठ आवळून, डोळे गोळ्यावर. टक् काही त्यांना मिळाली नाही, पण शेवटी समोरून फुंकर मारलेला गोळा त्यांच्या डोळ्यांदेखत तांबड्याला मागं टाकून गेला. ते तिथंच उभे राहिले. अध्यक्षानं त्यांना धारोष्ण दुधाचा पेला दिला. त्यांनी तो एका दमात संपवला, मिशीवरचा फेस पुसला, आणि पिशवीतून गुणपत्रिका काढून तिथंच, म्हशीच्या दावणीवर ठेवून, मुलीचे मार्क बदलले.

ती मुलगी त्या वर्षी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. पुढं तिनं फिजिक्स सोडलं आणि वकिली केली. प्रॅक्टिस जोरात चालते म्हणतात.